इंधन संपल्यावर

‘एलिट डेंजरस’ या अंतराळातल्या गेममध्ये यानाचं इंधन संपतं तेव्हा स्फोट होत नाही, शत्रूही दिसत नाही. इंजिनाची घरघर थांबते, यंत्रणा एकेक करून मालवतात आणि उलटी मोजणी सुरू होते. प्राणवायू किती मिनिटं पुरेल याची ती मोजणी. साधी यंत्रणा बसवलेली असेल तर पाच मिनिटं, उत्तम प्रतीची असेल तर पंचवीस. बाहेर तारे होते तसेच असतात आणि सर्वांत जवळचं स्थानक कदाचित शेकडो प्रकाशवर्षं दूर असतं.

ही वेळ बहुतेक वेळा ताऱ्यांची ओळख नसल्यामुळे येते. ताऱ्याला जवळून वळसा घालत त्याच्या बाहेरच्या थरातला हायड्रोजन टाकीत भरून घेण्याची सोय या गेममध्ये आहे, पण ती प्रत्येक ताऱ्यापाशी नाही. ओ, बी, ए, एफ, जी, के आणि एम या वर्गांतले तारे इंधन देतात. हे वर्ग गेमवाल्यांनी शोधलेले नाहीत. खगोलशास्त्रज्ञ शंभराहून अधिक वर्षं ताऱ्यांची वर्गवारी याच अक्षरांनी करत आले आहेत. वाटेत ओळीनं तपकिरी बटू लागले तर टाकीत काही पडत नाही आणि प्रवासी अडकतो.

अशा वेळी गेममधून बाहेर पडायचं, म्हणजे प्राणवायूचं घड्याळ थांबतं, आणि ‘फ्युएल रॅट्स’ना साद घालायची. २०१५ पासून चालत आलेला हा खेळाडूंचाच गट आहे. ते आधी तारा कोणता ते विचारतात, मग प्राणवायू किती उरलाय ते. कुणीतरी स्वयंसेवक आपलं यान घेऊन निघतो, कधी कधी हजारो प्रकाशवर्षं उड्या मारत येतो, छोट्या ड्रोनमधून इंधन देतो आणि निघून जातो. तो पैसे घेत नाही. या कामासाठी गेममध्ये हुद्दा नाही, पदक नाही, पगारही नाही. बनवणाऱ्या कंपनीनं असं काही योजलेलं नव्हतं. कंपनीनं ठेवला होता तो एक कठोर नियम: इंधन संपलं की मरण.

या गेमवर एक आक्षेप पहिल्यापासून घेतला जातो. सगळ्यांना खूश करण्याच्या नादात त्याचं ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ झालं आहे, असा तो आक्षेप. व्यापार आहे पण वरवरचा, युद्ध आहे पण त्याला परिणाम नाही, राजकारण आहे पण ते कुणाला कळत नाही, आणि संशोधकाला आकाश अफाट मिळालं तरी हाताला काम थोडंच. आक्षेप घेणारे बाहेरचे नाहीत. शेकडो तास या गेममध्ये घालवलेले लोक हे बोलतात, म्हणून ते गांभीर्यानं घ्यायला हवं. मला त्यातलं निदान अर्धं पटतं आणि अर्धं पटत नाही. फ्युएल रॅट्सची गोष्ट आधी सांगितली ती त्यासाठीच.

‘सगळे’ म्हणजे कोण, हे आधी पाहू. या प्रश्नाचं सर्वांत प्रसिद्ध उत्तर रिचर्ड बार्टल यांचं आहे. इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रुबशॉ यांनी १९७८ मध्ये अनेकांनी एकत्र खेळायचा एक गेम लिहायला घेतला होता. त्यात चित्रं नव्हती, फक्त शब्द होते. बार्टल यांनी तो पुढे नेला. अशा गेममध्ये लोक नेमकं काय करतात हे वर्षानुवर्षं पाहून १९९६ मध्ये त्यांनी एक निबंध लिहिला आणि खेळाडूंचे चार स्वभाव सांगितले. कुणाला काहीतरी मिळवायचं असतं, कुणाला शोधायचं असतं, कुणाला माणसांत राहायचं असतं आणि कुणाला दुसऱ्यावर मात करायची असते. हे चार प्रकार आज गेम बनवणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहेत. त्या निबंधातला मोलाचा भाग मात्र अनेकदा विसरला जातो. हे चार स्वभाव एकमेकांवर जगतात, असं बार्टल सांगतात. मारणारे वाढले की मिळवणारे घटतात, मिळवणारे घटले की गप्पांसाठी येणाऱ्यांचाही जीव रमत नाही. तळ्यात मासे, बेडूक आणि बगळे असावेत तसं हे आहे. प्रत्येकासाठी वेगळं तळं खणलं तर ते तळं राहतच नाही.

आता मूळ ‘एलिट’कडे जाऊ. केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल या दोन तरुणांनी तो बीबीसी मायक्रो या घरगुती संगणकासाठी लिहिला. त्या संगणकाची स्मृती होती ३२ किलोबाइट. आज फोनवर काढलेल्या एका फोटोलाही ती पुरणार नाही. एवढ्याशा जागेत त्यांनी आठ दीर्घिका बसवल्या आणि प्रत्येकीत २५६ ग्रहमाला. ही माहिती साठवलेली नव्हती. ठरलेल्या आकड्यापासून सुरुवात करून ठरलेल्या गणितानं ती दर वेळी नव्यानं काढली जायची, त्यामुळे प्रत्येक खेळाडूला तोच ग्रह त्याच जागी, त्याच नावानं सापडायचा. थॉर्न ईएमआय या मोठ्या प्रकाशकाकडे गेम दाखवायला नेला तर नकार मिळाला. त्या काळी गेम म्हणजे तीन जीव, वाढत जाणारे गुण आणि दहाएक मिनिटांत संपणारा डाव. इथे गुणच नव्हते. शेवटी ॲकॉर्नसॉफ्टनं तो सप्टेंबर १९८४ मध्ये प्रसिद्ध केला.

या गेमची ख्याती ‘काहीही करा’ अशी झाली, पण तो तसा सैल नव्हता. हातात १०० क्रेडिट आणि एक यान. पैसे हवेत तर माल न्यायचा. माल नेला की चाचे येणार. चाचे येणार म्हणून तोफ हवी, तोफेला पैसे हवेत. जास्त नफा हवा तर निषिद्ध माल न्यायचा आणि मग पोलीस मागे लागणार. व्यापारी, लढवय्या आणि तस्कर असे तीन प्रकारचे खेळाडू तिथे नव्हते. एकाच माणसाला तिन्ही व्हावं लागत होतं, कारण प्रत्येक धंद्याचं एक टोक दुसऱ्यात अडकलेलं होतं. जागा इतकी कमी होती की सुट्टं काही ठेवणं परवडणारंच नव्हतं.

ब्रेबन यांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये याच गेमचा नवा अवतार बनवण्यासाठी किकस्टार्टरवर लोकांकडे पैसे मागितले. लक्ष्य साडेबारा लाख पौंडांचं होतं आणि जमले पंधरा लाखांहून अधिक. ‘एलिट डेंजरस’ डिसेंबर २०१४ मध्ये बाजारात आला. यात आपली आकाशगंगा खऱ्या आकाराची आहे: सुमारे ४०० अब्ज तारे. त्यांतले दीड लाखाच्या आसपास खऱ्या तारा-सूचींमधून घेतलेले, बाकीचे विज्ञानाच्या नियमांवरून गणितानं घडवलेले. फेब्रुवारी २०१७ मध्ये सुमारे ४० प्रकाशवर्षांवरच्या ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याभोवती सात खडकाळ ग्रह असल्याचं नासानं जाहीर केलं. तेव्हा लक्षात आलं, की गेमच्या गणितानं त्याच परिसरात एका मंद बटूभोवती सात खडकाळ ग्रह आधीच मांडून ठेवले होते. गेमला भविष्य कळलं होतं असा याचा अर्थ नाही. ग्रहमाला कशा बनतात याचं गणित त्यात किती मन लावून घातलं आहे, ते यातून दिसतं.

अशा आकाशात यान कसं उडवायचं, हा सगळ्यांना खूश करण्याचा पहिला खरा पेच होता. अवकाशात हवा नाही, म्हणून रोध नाही. एकदा गती मिळाली की इंजिन बंद केलं तरी यान जातच राहतं आणि थांबायचं तर उलट दिशेनं तेवढाच जोर लावावा लागतो. १९९३ च्या ‘फ्रंटियर’ या दुसऱ्या भागात ब्रेबन यांनी हे भौतिकशास्त्र जसंच्या तसं ठेवलं होतं. प्रवासात ते सुंदर वाटे, लढाईत मात्र पंचाईत होई. समोरून आलेलं यान डोळ्यांचं पातं लवेपर्यंत पाठीमागे जाई, दोघंही वळून परत येत, पुन्हा निसटत. नव्या गेममध्ये म्हणून यानाच्या वेगाला सेकंदाला काहीशे मीटरची मर्यादा घातली. थ्रॉटल मधल्या निळ्या पट्ट्यात ठेवला की यान सर्वांत चपळ वळतं. खऱ्या अवकाशात असं होण्याचं काहीच कारण नाही. लढाई नजरेच्या टप्प्यात राहावी आणि लढण्यात कौशल्य असावं, यासाठी केलेली ही तडजोड आहे.

पण त्याच यानात एक बटण आहे. उड्डाणातली संगणकाची मदत त्यानं बंद करता येते. मग यान घसरतं, नाक एकीकडे आणि जाणं दुसरीकडे, आणि ते सावरायला शिकण्यात कित्येक महिने जातात. नवशिक्याला आणि उस्तादाला इथे वेगळी यानं दिली नाहीत, वेगळं आकाशही दिलं नाही. एकाच पाण्याला उथळ काठ आहे आणि खोल डोहही आहे. सगळ्यांचा विचार करून केलेल्या तडजोडी वाईटच असतात असं कुणी म्हणालं, तर मी त्याला या गेमचा कॉकपिट दाखवीन.

दुसरी तडजोड इतकी साधली नाही. गेम तीन प्रकारे खेळता येतो. ओपनमध्ये कुणीही अनोळखी खेळाडू भेटू शकतो, प्रायव्हेट ग्रुपमध्ये फक्त निवडलेली माणसं, सोलोमध्ये कुणीच नाही. आकाशगंगा मात्र तिघांची एकच. कुठल्या ताऱ्यावर कोणत्या गटाची सत्ता हे खेळाडूंच्या व्यापारावरून, कामगिऱ्यांवरून, लढायांवरून ठरतं आणि तिन्हीकडची बेरीज एकाच वहीत मांडली जाते. घरी तान्हं मूल आहे आणि रात्री अर्धा तासच मिळतो, अशा माणसाला सोलोची सोय हवीच. ‘मोबियस’ नावाच्या ग्रुपमध्ये हजारो लोक आहेत, कारण त्यांना माणसांची सोबत हवी आहे पण पाठीत सुरा नको आहे. त्यांचं म्हणणं रास्त आहे.

अडचण सुरू झाली ती जून २०१५ मध्ये, ‘पॉवरप्ले’ नावाची सत्तास्पर्धा या पायावर उभी केली तेव्हा. एका गटानं शत्रूच्या ताऱ्याची नाकेबंदी करायची म्हटली, तर शत्रू सोलोमधून माल नेतो आणि कुणालाच दिसत नाही. किल्ल्याला वेढा घालून बसावं आणि आतल्यांना रसद अदृश्य गाड्यांतून पोचत राहावी, असा तो प्रकार. शिवाय या गेममध्ये खेळाडूंचे संगणक एकमेकांना थेट जोडले जातात, त्यामुळे एका वेळी एका ठिकाणी मोजकेच लोक एकमेकांना दिसतात. ओपनमध्ये असूनही शत्रू भेटेलच याची खात्री नसते. ज्या खेळाचा सगळा अर्थ समोरासमोर येण्यात आहे, तो अशा जागी रचला जिथे समोर येणं ऐच्छिक आहे. मारणाऱ्यांना शिकार मिळाली नाही आणि शांतताप्रियांना त्या युद्धात मन गुंतवावंसं वाटलं नाही.

त्याआधी, गेम बाजारात यायला जेमतेम महिना उरला असताना, इंटरनेटशिवाय खेळता येण्याचं आश्वासन मागे घेतलं गेलं होतं. पैसे गोळा करताना ते दिलेलं होतं. एकच आकाशगंगा सगळ्यांच्या कृतींनी बदलत राहणार असेल तर ती एकट्याच्या संगणकात बंद कशी करायची, ही अडचण खरी होती. पण ती पहिल्या दिवशीही तेवढीच खरी होती. लोकांचा राग गैरसोयीवर कमी आणि उशिरा आलेल्या नकारावर जास्त होता, आणि तो मला पटतो.

याच्या अगदी उलट टोकाला आइसलँड आहे. रेक्याविकमधल्या सीसीपी या कंपनीचा ‘ईव्ह ऑनलाइन’ २००३ पासून चालू आहे. चीनसाठीचा वेगळा सर्व्हर सोडला तर जगभरचे खेळाडू एकाच विश्वात असतात आणि तिथे पळून जायला सोलो नाही. सुरक्षित प्रदेशातही हल्ला होऊ शकतो. पोलीस हल्लेखोराला नष्ट करतात, पण आपलं यान वाचेलच असं नाही. हे फार जणांना मानवत नाही आणि ते गेम सोडून जातात. पण या विश्वातली बहुतेक यानं खेळाडूंनीच बनवलेली असतात. एकानं लघुग्रह फोडून धातू काढला, दुसऱ्यानं तो विकत घेतला, तिसऱ्यानं त्याचं यान बांधलं, चौथ्यानं ते लढाईत जाळलं, आणि जळालं म्हणून पहिल्याला पुन्हा काम मिळालं. २७ जानेवारी २०१४ रोजी एका युतीकडून एका ग्रहमालेचं ठरलेलं भाडं भरलं गेलं नाही. ताबा सुटला आणि तिथे लढाई पेटली. ती सुमारे २१ तास चालली. साडेसात हजारांहून अधिक खेळाडू त्यात उतरले, ७५ टायटन, म्हणजे सर्वांत प्रचंड यानं, नष्ट झाली आणि नुकसानीची किंमत खऱ्या पैशांत तीन लाख डॉलरच्या घरात गेली. ज्यांनी आयुष्यात एकही गोळी झाडली नाही अशा खाणवाल्यांचे कित्येक महिन्यांचे कष्ट त्या राखेत होते. बार्टल यांचं तळं म्हणतात ते असं.

ईव्हलाही एकदा सगळ्यांना आवडण्याचा मोह झाला. यानातून उतरून माणसासारखं चालता यावं अशी अनेकांची मागणी होती. जून २०११ च्या ‘इन्कार्ना’ विस्तारात प्रत्येक कप्तानाला एक खोली मिळाली. खोलीला दार होतं, पण ते उघडत नव्हतं. सोबत दुकान आलं आणि त्यात एका डोळ्याचा चष्मा साठाहून अधिक डॉलरला मिळू लागला. खेळाडू जिता या सर्वांत मोठ्या व्यापारी केंद्रात जमले आणि तिथल्या स्मारकावर तोफा डागत राहिले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली, सुमारे वीस टक्के कर्मचाऱ्यांना नोकरी गमवावी लागली आणि पुढे २०१७ मध्ये ती खोलीही काढून टाकली.

दहा वर्षांनी एलिट त्याच वाटेनं गेला. आधी २०१५ मध्ये झटपट लढायांचा वेगळा आखाडा आला होता. त्यात आपलं यान न्यावं लागत नाही, म्हणून आपलं काही पणालाही लागत नाही. मग २०१७ मध्ये अनेकांनी मिळून एक यान चालवण्याची सोय आली. तिथे सोबत्याला तोफ सांभाळण्यापलीकडे फारसं काम नव्हतं. आणि १९ मे २०२१ रोजी ‘ओडिसी’ आलं: यानातून उतरा, चाला, बंदूक चालवा. ते इतकं कच्चं होतं की ब्रेबन यांना काही दिवसांतच माफी मागावी लागली. ग्रहावर पाय ठेवून आपलंच यान खालून वर पाहण्याचा क्षण भव्य आहे, यात शंका नाही. पण ज्यांनी आभासी वास्तवाचा हेडसेट लावून वर्षानुवर्षं कॉकपिटात वास्तव्य केलं, त्यांना पायी चालताना तेच जग सपाट पडद्यावर दिसू लागलं. मार्च २०२२ मध्ये गेमिंग कन्सोलवरचं पुढचं काम थांबवल्याचं जाहीर झालं आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये आकाशगंगेचे दोन भाग झाले. एक चालती, कथा पुढे जाणारी, आणि दुसरी मागे ठेवलेली, ज्यात कन्सोलवाले उरले. आकाश सगळ्यांचं एकच, या ज्या एका गोष्टीसाठी इंटरनेटशिवायच्या खेळाचं वचन मोडलं होतं, तीच गोष्ट नव्या प्रकारच्या खेळाडूंना बोलावताना गेली. या सगळ्या इतिहासात मला हेच सर्वांत जास्त लागतं.

‘स्टार सिटिझन’चा उल्लेख इथे अनेक जण करतील. क्रिस रॉबर्ट्स यांनी त्याच २०१२ साली त्यासाठी पैसे मागितले, २०१४ मध्ये गेम देऊ म्हटलं, जमा पैशाबरोबर आश्वासनं वाढवत नेली आणि २०२२ पर्यंत ५० कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला. गेम पूर्ण व्हायचा आहे. त्यामुळे त्याच्याबद्दल निवाडा करण्यापेक्षा मी परत एलिटकडे वळतो.

आपल्या शेजारच्या अल्फा सेंटॉरीत हटन ऑर्बिटल नावाचं एक स्थानक आहे. मुख्य ताऱ्यापासून ते ०.२२ प्रकाशवर्षं दूर आहे. इतर स्थानकं काही मिनिटांत येतात, इथे पोचायला तासाहून अधिक लागायचा. वाटेत काहीच नाही. हे अंतर सहज कमी करता आलं असतं, आणि नवशिक्यांना खूश ठेवायचं तर करायलाच हवं होतं. ते केलं नाही. म्हणून हटन हे यात्रेचं ठिकाण झालं. तिथे गेलं की ॲनाकोंडा हे महागडं यान फुकट मिळतं, अशी थाप जुने खेळाडू नव्यांना मारतात. नवा खेळाडू तासभर शून्यात बसून पोचतो आणि तिथला ‘मग’, म्हणजे पेला, घेऊन परत येतो. त्या रस्त्याच्या नावानं मालवाहू खेळाडूंची एक संघटना उभी राहिली. २०२४ मध्ये जास्त वेगाची नवी इंजिनं आली आणि हटन जवळ आलं. पण ती इंजिनं इंधन भराभर जाळतात, म्हणजे फ्युएल रॅट्सचं काम काही संपलेलं नाही. सुमारे ६५ हजार प्रकाशवर्षांवरच्या बीगल पॉइंटकडे जानेवारी २०१९ मध्ये निघालेल्या मोहिमेत १३ हजारांहून अधिक जणांनी नाव नोंदवलं होतं. तिचं आयोजनही खेळाडूंनीच केलं होतं. अंतर खरं ठेवलं होतं म्हणूनच तिथवर जाण्यात काही अर्थ होता.

फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीनं निर्जन ग्रहमालांत वस्ती करण्याची मुभा दिली. त्यात वेगळा आखाडा नाही, वेगळी खोली नाही. वस्ती असलेल्या ताऱ्यापासून ठरावीक अंतरातलीच जागा निवडता येते, त्यामुळे दूर जायचं तर दुव्याला दुवा जोडत जावं लागतं. पहिलं स्थानक चार आठवड्यांत उभं करायचं, आणि त्यासाठी हजारो टन पोलाद, टायटॅनियम, ॲल्युमिनियम, पाणी, अन्न वाहून आणायचं. नोकरी सांभाळून एकट्यानं ते उरकणं फार अवघड. इतकी वर्षं ज्या नकाशाचा लढवय्यांना काही उपयोग नव्हता, तो संशोधकांचा नकाशा आता सगळे उघडून बसले, कारण कुठल्या ताऱ्याभोवती काय आहे हे त्यांनाच ठाऊक होतं. ज्यांचं काम कंटाळवाणं म्हणून कुणी त्यांचा हेवा केला नव्हता त्या मालवाहू कप्तानांची ओळखीच्या-अनोळखीच्या सगळ्यांना गरज पडू लागली.

मुदतीचा शेवटचा आठवडा असतो. अर्ध्या उभारलेल्या स्थानकाच्या सांगाड्यापाशी एक अवजड यान येतं. मालक त्याला ओळखत नाही. सातशे-आठशे टन पोलाद उतरतं, यान वळतं आणि पुढच्या खेपेसाठी ताऱ्याच्या दिशेनं निघतं. जाता जाता टाकी भरून घ्यायची असते. तारा के वर्गातला आहे.